तोबा महाज्वालामुखी

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर भागातील ज्वालामुखी. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा त्याचा उद्रेक गेल्या वीस लाख वर्षांतील सर्वांत मोठा मानतात. तेथे शंकूच्या आकाराचा डोंगर शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. दिसते ते सुमारे १०० किमी. लांब व ३० किमी. रुंद तोबा सरोवर. भूपृष्ठाखालचा शिलारस बाहेर पडल्यावर वरचे छत खचले आणि त्या खळग्यात, म्हणजे कॅल्डेरात, पाणी साचले. मधले सामोसिर बेट म्हणजे नंतर खालून पुन्हा वर उचलला गेलेला तळ होय.

एकाच उद्रेकात १,००० घन किमी.पेक्षा जास्त पदार्थ बाहेर टाकणाऱ्या ज्वालामुखीस महाज्वालामुखी म्हणतात. अमेरिकेतील यलोस्टोन व न्यूझीलंडमधील टाउपो हेही याच वर्गातले. दख्खनचे पठार मात्र यात मोडत नाही. तेथे भेगांतून पातळ लाव्हा लाखो वर्षे वाहत राहिला. तोबाचा शिलारस सिलिकायुक्त व चिकट आहे. त्यातील वायूंना सहज वाट मिळत नाही, दाब साठत जातो आणि शेवटी सारे एकदम फुटते.

अशा उद्रेकाचा पहिला तडाखा तप्त राख आणि वायूंच्या लोंढ्याचा. तो जमिनीलगत झपाट्याने पसरतो व वाटेत आलेले काही शिल्लक ठेवत नाही. राखेचा उपद्रव याहून दूरवर पोचतो. ही चुलीतली मऊ राख नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात फुटलेल्या बुडबुड्यांचे वक्र, धारदार काचकण दिसतात. पावसात भिजली की ती जड होते व छपरे कोसळतात. पिके, पाणवठे आणि विजेच्या तारांचीही दैना होते. १९८२ मध्ये जावातील गालुंगुंगच्या राखेत शिरलेल्या एका प्रवासी विमानाची चारही इंजिने बंद पडली होती, आणि तो उद्रेक तोबाच्या मानाने किरकोळ होता.

तिसरा धोका गंधकाचा. सल्फर डायऑक्साइडपासून वातावरणाच्या वरच्या थरात सूक्ष्म थेंब बनतात व सूर्यप्रकाश अडवतात. १९९१ च्या पिनातुबो उद्रेकानंतर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. १८१५ च्या तांबोरा उद्रेकानंतरच्या वर्षी युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळाच नीट आला नाही. या हिशेबाने तोबानंतर मानवजात नामशेष होता होता वाचली, असे मत १९९० च्या दशकात पुढे आले. आज ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या गाळात तोबाचे काचकण सापडले, पण त्या सुमारास तीव्र थंडी पडल्याची खूण आढळली नाही. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे राखेच्या थराखाली आणि वरही सारख्याच घडणीची दगडी हत्यारे मिळाली. गावाच्या नावातला ‘ज्वाला’ हा योगायोगच समजावा.

महाराष्ट्रातही ही राख आहे, पण ती कोणत्या उद्रेकातली यावर एकमत नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी येथे तिच्या थरालगत अश्मयुगीन हत्यारे मिळतात. थराचे वय प्रथम सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले, मग ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी त्याचा संबंध जोडला गेला, तर काही संशोधक तो तोबाच्याच सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या उद्रेकाचा ठरवतात. उत्तरावर येथील हत्यारांचे वय अवलंबून असल्याने वाद नुसता भूवैज्ञानिकांचा राहिलेला नाही.

तोबाखाली आजही शिलारस आहे. मात्र त्याच्या मोठ्या उद्रेकांमधले अंतर लाखो वर्षांत मोजावे लागते. परिसरातील लोकांना रोजची धास्ती आहे ती सरोवराच्या वायव्येकडील, आकाराने कितीतरी लहान अशा सिनाबुंगची. शतकानुशतके शांत असलेला तो ज्वालामुखी २०१० मध्ये जागा झाला आणि २०१४ मध्ये त्याच्या तप्त लोंढ्यात माणसे दगावली.