अंगठ्याची भरपाई

पनवेल-उरण रस्त्यावरच्या जासईत ‘नुकसानभरपाई’ हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला या परिसरात जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे गेली. त्या हुतात्म्यांना मी मानतो. पण ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता त्यांच्यापाशी फक्त हात होते. त्या हातांच्या भरपाईचा इतिहास कोणी लिहायचा?

१९८६ साली सरकारी रस्त्याच्या कामावर दगड उतरवताना माझ्या बापाचा डावा अंगठा चेचला. पुढे तो कापावा लागला. मजुरीच्या कागदावर याच अंगठ्याचा ठसा उठत असे. साहेब म्हणाले, “हा ठेकेदाराचा माणूस. सरकारी नोकर नव्हे.” बाप मुकाट्याने घरी आला.

कायदा मात्र तसे म्हणत नव्हता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने सरकारी खात्याचे कर्तव्य हाच त्या खात्याचा धंदा मानला होता. म्हणजे जसा गिरणीवाला मालक, तसे सरकारही मालक. आपले नेहमीचे काम ठेकेदाराकडून करवून घेतले, तरी जखमी मजूर मूळ मालकाकडे भरपाई मागू शकत होता. मालकाने ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के, असा हिशेब परिशिष्टातच होता. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एका हात गमावलेल्या सुताराच्या खटल्यात सांगितले होते. आयुक्तांकडे अर्ज करायला दोन वर्षांची मुदत होती. हे मी वाचले तेव्हा ती केव्हाच उलटली होती.

एकलव्याच्या अंगठ्याला दक्षिणा म्हणाले. माझ्या बापाच्या अंगठ्याला नशीब म्हणाले. आणि आम्हीही ते खरे मानले!

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या वारसांना ३० लाख रुपये द्यायला सांगितले. तिथेही मेलेला पुष्कळदा ‘ठेकेदाराचा माणूस’च असतो. जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचे नाव बदलले, साहेबाचे वाक्य बदललेले नाही.

म्हणून वस्तीतल्या पोरांना माझे सांगणे आहे. कोणी जखमी झाला तर तारीख, जागा, साक्षीदार लिहून ठेवा. हजेरी कोणी घेतली हे नंतर. आधी विचारा, काम कोणाचे होते?