पेटंटचा अर्ज ऑफिसनं अडवला, म्हणजे खेळ संपला का?

अँटॉप हिलला 'बौद्धिक संपदा भवन' नावाची सरकारी इमारत आहे. मुंबईचं पेटंट ऑफिस इथंच आहे. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा आणि छत्तीसगडमधले अर्जदार याच ऑफिसच्या हद्दीत येतात. अंधेरीच्या एमआयडीसीतला कारखानदार असो, मुलुंडमध्ये घरून स्टार्टअप चालवणारी इंजिनीअर असो की पवईच्या आयआयटीतला संशोधक, अर्ज केला आणि तपासणीची मागणी केली की कधी ना कधी एक पत्र येतं. हल्ली ते ई-मेलवर येतं. त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, की तुमच्या शोधात नवीन काही नाही, तो या क्षेत्रातल्या कुणालाही सुचला असता, शिवाय कायद्याच्या अमुक कलमाखाली त्याला पेटंट देताच येत नाही.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याचं हे वाचून अवसान गळतं. पण हा नकार नसतो. याला म्हणतात 'फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट', बोलीभाषेत एफईआर. एक्झामिनरनं जगभरातली जुनी पेटंटं, शोधनिबंध चाळून आपले आक्षेप मांडलेले असतात आणि आता तुमचं काय म्हणणं आहे, असं विचारलेलं असतं. खरा नकार त्यानंतर येतो, तोही उत्तर आणि सुनावणी झाल्यावर. म्हणजे सगळा खेळ त्या उत्तरावर आहे.

पेटंटमध्ये नेमकं काय मागतात?

पेटंटला मराठीत 'एकस्व' असा सरकारी शब्द आहे. तो कुणी वापरत नाही ही गोष्ट वेगळी, पण अर्थ चोख आहे : एकट्याची मालकी. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं तो शोध दुसऱ्या कुणाला तुमच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्या बदल्यात शोध कसा काम करतो हे सगळं जाहीर करायचं.

ही मालकी कुठून कुठपर्यंत, ते अर्जातले 'क्लेम' ठरवतात. जमिनीच्या सात-बाऱ्यावर जशा सीमा, तसे हे क्लेम. त्यामुळे एक्झामिनर तुमच्या मशीनवर आक्षेप घेत नाही, तुमच्या क्लेमवर घेतो. उत्तरही क्लेमच्या शब्दांवरच द्यायचं असतं, आणि इथंच बहुतेक जण घसरतात.

'आमचं मशीन लय भारी आहे' हे उत्तर का चालत नाही?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मरोळला औषधाच्या बाटल्यांना झाकणं लावणारी मशीन बनवणारा एक लघुउद्योजक आहे. त्याची नवी मशीन झाकण बसवतानाच किती जोर लागतोय ते मोजते आणि पुढच्या बाटलीसाठी मोटरचा जोर आपोआप कमी-जास्त करते.

एफईआरमध्ये दोन जुने दस्तऐवज दाखवलेले आहेत. त्यांना डी-१, डी-२ असं म्हणण्याची पद्धत आहे. डी-१ मध्ये झाकणं लावणारी मशीन आहे, जोर हातानं एकदाच सेट करायचा. डी-२ मध्ये जोर मोजणारा सेन्सर आहे. एक्झामिनर म्हणतो, दोन्ही एकत्र केलं की तुमची मशीन तयार. यात शोध कसला? शिवाय जोराचा हिशेब करणारा भाग म्हणजे अल्गोरिदम, आणि कलम ३(के) खाली अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही.

कच्चं उत्तर असं असतं : 'आमची मशीन पूर्ण वेगळी आहे, भारतात असं कुणी बनवत नाही, ग्राहक खूष आहेत.' यातलं एकही वाक्य आक्षेपाला लागू पडत नाही. भारतात कुणी बनवत नाही, हा मुद्दाच नाही. जगात कुठंही आधी प्रसिद्ध झालेलं असेल तर ते जुनंच.

पक्कं उत्तर कायद्याच्या व्याख्येपासून सुरू होतं. कलम २(१)(जेए) म्हणतं, की शोधात आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा त्याला आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि त्यामुळे तो त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणारा नसावा. मग एकेक दस्तऐवज उघडायचा. डी-२ मधला सेन्सर झाकण लागून झाल्यावर मोजतो आणि सैल बाटली बाजूला काढतो, तो मोटरला परत काहीच कळवत नाही. डी-१ तर उलट सांगतो, की ओल्या लाइनजवळ इलेक्ट्रॉनिक्स नको म्हणून आम्ही क्लच हातानं सेट करतो. म्हणजे डी-१ वाचणारा जाणकार डी-२ च्या वाटेला जाण्याऐवजी तिच्यापासून लांबच जाईल. एकत्र करण्याची प्रेरणाच कुठं नाही, हा झाला युक्तिवाद. त्याला जोड म्हणून चाचणीचे आकडे द्यायचे : जुन्या पद्धतीत किती बाटल्या गळल्या, नव्या पद्धतीत किती. आकडे क्लेममधल्या त्या एका वैशिष्ट्याशी जोडलेले हवेत, नाहीतर ते नुसतीच जाहिरात ठरतात.

३(के) चं उत्तर वेगळं. कायद्याचे शब्द आहेत 'कॉम्प्युटर प्रोग्राम पर से', म्हणजे नुसता प्रोग्राम. हे दोन शब्द किती महत्त्वाचे, ते फरीद अल्लानी प्रकरणात दिसलं. २००२ साली भारतात केलेला त्यांचा वेबवरची माहिती मिळवण्याच्या पद्धतीचा अर्ज फेटाळला गेला होता. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं, की शोधामुळे तांत्रिक परिणाम साधत असेल, तर तो केवळ कॉम्प्युटर प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून पेटंट नाकारता येणार नाही. २०२० मध्ये पेटंट द्यायचा आदेश निघाला. युक्तिवाद जिंकला, पण अर्जापासून १८ वर्षांनी. मरोळच्या उद्योजकानं काय करावं? क्लेममध्ये हिशेबाबरोबर मोटर आणि सेन्सरही लिहावेत, म्हणजे मागणी मशीनची आहे हे दिसेल.

मात्र इथं कलम ५९ आडवं येतं. क्लेम बदलता येतो, पण मूळ अर्जात जे लिहिलंच नव्हतं ते आत घुसवता येत नाही आणि मालकीची सीमा वाढवताही येत नाही. कमी करता येते. अर्ज लिहिताना चार पानं वाचवणारे इथं अडकतात.

मोठ्या कंपनीचं उत्तरही कमी पडतं तेव्हा

याच मुंबई ऑफिसनं २३ मार्च २०२३ ला एक अर्ज फेटाळला, ज्याची बातमी जगभर झाली. अर्जदार होती जॉन्सन अँड जॉन्सन समूहातली यान्सेन कंपनी. औषध होतं बेडाक्विलिन, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरची गोळी. ज्या शहराच्या वस्त्यांमध्ये एमडीआर टीबी हा शब्द घरोघरी माहीत आहे, त्या शहरातल्या ऑफिसात हा निकाल लागला.

बेडाक्विलिनच्या मूळ रेणूचं पेटंट कंपनीकडे होतंच, ते १८ जुलै २०२३ ला संपणार होतं. हा अर्ज त्याच औषधाच्या 'फ्युमरेट सॉल्ट'साठी होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या प्रकाराला 'एव्हरग्रीनिंग' म्हणतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन जणींनी या अर्जाला विरोध केला. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघींना टीबी झाला होता, दोघी बऱ्या झाल्या आणि जुन्या उपचारातल्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामांमुळे दोघींची ऐकण्याची शक्ती गेली. बेडाक्विलिन तोंडानं घ्यायची गोळी आहे. ती वेळेवर आणि परवडेल अशी मिळणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्या कायद्यात पेटंट मिळण्याआधी कुणालाही असा विरोध नोंदवता येतो, कलम २५(१) खाली. त्यासाठी कंपनी असावं लागत नाही.

कायद्याचा कस लागला तो कलम ३(डी) वर. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप शोधलं, पण त्यानं औषधाची परिणामकारकता वाढली नाही, तर तो शोध मानला जात नाही. सॉल्टचा उल्लेख या कलमाच्या स्पष्टीकरणात थेट आहे. परिणामकारकता म्हणजे काय, हे सुप्रीम कोर्टानं १ एप्रिल २०१३ ला नोव्हार्टिसच्या ग्लिवेक प्रकरणात ठरवलं. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होत्या रंजना प्रकाश देसाई, पूर्वी मुंबई हायकोर्टात होत्या त्या. नव्या रूपाचं शरीरात शोषण ३० टक्के जास्त होतं, असं नोव्हार्टिसचं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरचा परिणाम. शोषण वाढल्यानं रुग्ण जास्त बरा होतो, हे आकड्यांनी दाखवा. ते दाखवलेलं नव्हतं.

फ्युमरेट सॉल्ट टिकाऊ आहे, हवेतला ओलावा शोषत नाही, गोळी बनवायला सोयीचं आहे, असे गुण त्याच्या बाजूनं होते. ते खोटे नव्हते. पण 'साठवायला चांगलं' आणि 'टीबी जास्त बरा करतं' यात अंतर आहे आणि ३(डी) ते अंतर भरायला सांगतं. ऑफिसला हे सॉल्ट आधीच्या माहितीवरून जाणकाराला सुचण्याजोगंही वाटलं. अर्ज गेला. जुलैत मूळ पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना जेनेरिकचा रस्ता मोकळा झाला. त्यात मुंबईचीच लुपिन होती.

या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. जनतेसाठी ही कलमं कुंपण आहेत. अर्जदारासाठी तीच कलमं प्रश्नपत्रिका आहेत, आणि कुठल्या प्रश्नाला कुठला पुरावा लागतो हे आधीच ठरलेलं आहे. चुकीचा पुरावा कितीही भरभक्कम असला तरी मार्क मिळत नाहीत.

सहा महिने : ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा

एफईआरची तारीख पडल्यापासून उत्तराला सहा महिने असतात. फी भरून मुदतवाढ मागता येते, पण ती मोजकीच. उत्तर गेलंच नाही, तर कलम २१ खाली अर्ज 'सोडून दिला' असं धरलं जातं. हा फेटाळल्यापेक्षा वाईट प्रकार आहे. फेटाळलेल्या अर्जावर अपील आहे, सोडून दिलेल्यावर नाही. मग हायकोर्टात रिट करायची आणि चूक आपली नव्हती हे पटवायचं. युरोपियन कमिशनला २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं अशी सवलत दिली, कारण गलथानपणा एजंटचा होता. पण कोर्टानं ती अपवाद म्हणून दिली होती. एजंट नेमला म्हणून तारीख विसरायची सोय नाही.

उत्तरानं समाधान झालं नाही तर कंट्रोलर सुनावणी लावतो. ती आता व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते, त्यामुळे बोरिवलीहून लोकल बदलत जायची गरज नाही. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. तोंडी बोललेलं सगळं त्यात आलं पाहिजे, कारण आदेश लिहिताना कंट्रोलरच्या समोर कागद असतो.

तरीही नकार आला तर?

कलम १५ खालचा नकार आला, की दोन वाटा. आदेशात उघड चूक असेल तर एका महिन्यात त्याच कंट्रोलरकडे फेरविचाराचा अर्ज. नाहीतर तीन महिन्यांत हायकोर्टात अपील. आधी यासाठी वेगळं अपील मंडळ होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झालं. मुंबई ऑफिसच्या नकाराविरुद्ध मुंबई हायकोर्ट.

अपिलात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा मुद्दा साधा आहे : आदेशात कारणं आहेत का? २०२२ च्या ॲग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली हायकोर्टानं सांगितलं, की शोध 'सहज सुचणारा' म्हणताना कंट्रोलरनं तीन गोष्टी बघायला हव्यात : आधी काय माहीत होतं, अर्जातला शोध काय आहे, आणि जाणकार पहिल्यावरून दुसऱ्यापर्यंत कसा पोचला असता. तिसरी पायरी गाळून थेट निष्कर्ष काढला, तर आदेश टिकत नाही आणि प्रकरण पुन्हा ऑफिसकडे जातं. हाच तिघांचा साचा एफईआरच्या उत्तरालाही वापरता येतो, तिथं तो जास्त स्वस्त पडतो.

खर्चाचं काय?

व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना सरकारी फी मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत बरीच कमी आहे. ऑनलाइन अर्जाला मोठ्या कंपनीला ८,००० रुपये लागतात तिथं त्यांना १,६००. खरा खर्च पेटंट एजंटचा. मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी केंद्राच्या योजनेत ठरावीक एजंटांची फी सरकार भरतं, अर्जदारानं फक्त सरकारी फी भरायची. अर्जदार स्वतःही उत्तर देऊ शकतो, कायद्याची आडकाठी नाही. पण उत्तरात सहज लिहून दिलेलं एखादं वाक्य, 'आमच्या क्लेममध्ये हातानं चालणाऱ्या मशीन येत नाहीत' असलं काही, पुढे नक्कल करणाऱ्यावर दावा लावताना आपल्याच विरुद्ध वाचून दाखवलं जातं. सगळं रेकॉर्डवर राहतं.

आणि रेकॉर्ड उघडं आहे. पेटंट ऑफिसच्या 'इनपास' या वेबसाइटवर प्रसिद्ध झालेल्या अर्जाचा नंबर टाकला की एफईआर, उत्तरं आणि आदेश फुकट वाचता येतात. आपल्या धंद्यातल्या दोन-चार मंजूर आणि दोन-चार फेटाळलेल्या फायली वाचल्या, तर एजंटला काय विचारायचं ते कळतं. बेडाक्विलिनच्या त्या अर्जाचा नंबर आहे १२२०/एमयूएमएनपी/२००९.