घोड्याच्या वाटेवर माणसाची पाउलें

कॅलिफोर्नियांत सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून ऑबर्न गांवीं पोंचणारी शंभर मैलांची घोडदौड १९५५ पासून होत असे. चोवीस तासांत ती पुरी करणाऱ्या स्वाराला चांदीचें बक्कल मिळे. गॉर्डी एन्सली या स्वाराचा घोडा १९७३ सालीं लंगडला. पुढल्या वर्षीं तो पायींच धांवत निघाला आणि २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नास पोंचला. डोंगरवाटांवरील शंभर मैलांच्या धांवेचा इतिहास येथून मोजला जातो.

१९७७ सालीं चौदा जण निघाले, तिघांनींच शेवट गांठला. १९७८ मध्यें पॅट स्माइथ ही पहिली स्त्री अखेरपर्यंत पोंचली. तें बक्कल आजही दिलें जातें. रोख बक्षीस मात्र विजेत्यासही नाहीं. उलट, भाग घेऊं इच्छिणाऱ्यानें आठ तास वाटांची डागडुजी किंवा अन्य सेवा करावी, असा दंडक आहे. वाट सर्वांची, म्हणून ती राखणेंही सर्वांचें, हा त्यामागील भाव.

परंतु कीर्ति वाढली तशी गर्दीही वाढली. अरण्यरक्षणासाठीं धांवणाऱ्यांची संख्या चारशेंच्या आंत ठेवावी लागते. अर्ज मात्र हजारों येतात, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. युरोपांत माँ ब्लाँ पर्वताभोंवतीं तीन देशांतून जाणारी शर्यत २००३ मध्यें सुरू झाली. २०२१ मध्यें तिच्या चालकांनीं एका मोठ्या व्यापारी क्रीडासंस्थेशीं हातमिळवणी केली. आतां मुख्य शर्यतीच्या सोडतींत नांव घालावयाचें तर त्याच मालिकेंतील अन्य शर्यती फी भरून धांवाव्या लागतात. ज्याची पुंजी केवळ पायांत होती, त्याला आतां खिशाचाही विचार करावा लागतो.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. गरोदरपणामुळें पूर्वीं आपली जागा गमावलेली सोफी पॉवर २०१८ सालीं माँ ब्लाँच्या शर्यतींत वाटेवरील थांब्यावर तान्ह्या बाळास अंगावर पाजीत असतांनाचें छायाचित्र जगभर गाजलें. पुढें गरोदर स्त्रियांची जागा राखण्याचे नियम झाले. २०१९ च्या जानेवारींत जॅस्मिन पॅरिस या तान्ह्या मुलीच्या आईनें ब्रिटनमधील २६८ मैलांची स्पाइन शर्यत ८३ तास १२ मिनिटांत, सर्व पुरुषांना मागें टाकून जिंकली.

म्हणजे एक दार पैशानें अरुंद होत असतां दुसरें न्यायानें रुंद होत आहे. नियम सुधारतां येतात. पण फी भरली कीं आपलें कर्तव्य संपलें, असें धांवणारा मानूं लागला तर वाट राखणारे हात कोठून येणार? त्या आठ तासांच्या श्रमाचें मोल चांदीच्या बक्कलाहून कमी नव्हे.