पूर्वकर्म, पुरुषार्थ आणि कर्मवीरांचा नकार

मनुष्याचे निर्णय खरोखर त्याचे स्वतःचे असतात, की पूर्वकर्मांनी आखलेल्या वाटेवरून तो केवळ चालत असतो, हा प्रश्न जैन परंपरेला नवा नाही. भगवान महावीरांच्या काळीच मंखलीपुत्र गोशालकाचा आजीवक संप्रदाय नियतिवाद सांगत होता. उपासकदशांग या श्वेतांबर आगमात सद्दालपुत्र नावाच्या आजीवक कुंभाराची कथा आहे. ही मडकी उद्यमाने झाली की उद्यमावाचून, असे भगवंतांनी त्याला विचारले. उद्यमावाचून, सारे नियतच आहे, असे तो म्हणाला. मग कोणी ती फोडली तर? त्याला शासन करीन, असे उत्तर आले. सारे नियत असेल तर शासन कशासाठी, यावर मात्र कुंभार निरुत्तर झाला. व्यापारी मंडळींना ही कथा सहज पटावी. बुडालेली उधारी नियती म्हणून सोडून देणारा दुकानदार विरळाच!

कर्मसिद्धांत म्हणजे नियतिवाद नव्हे. बांधलेल्या कर्माची स्थिती व अनुभाग परिणामांनुसार वाढतात, घटतात. एका प्रकृतीचे सजातीय प्रकृतीत संक्रमणही होते. निकाचित कर्म तेवढे भोगल्यावाचून सुटत नाही. प्रसंग कोणता यावा हे उदयावर असले, तरी त्या प्रसंगी काय करावे हा भाग पुरुषार्थाचा आहे.

शास्त्रातील हा भेद सातारा-सांगली परिसराने एका माणसाच्या आयुष्यात पाहिला. कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तेथे अण्णासाहेब लठ्ठे यांचा शब्द प्रमाण होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करून आत येण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. समाजाचा इतिहास लिहिताना हा प्रसंग वगळण्याचा मोह होतो. तो वगळू नये.

पुढे सांगलीजवळील दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उभारण्यात ते सहभागी झाले. अशातच १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. संशय लठ्ठे यांच्यावर होता आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले. ज्यांच्या बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्यांच्याविरुद्धच ही साक्ष द्यावयाची होती. जुना हिशेब चुकता करण्याची अशी संधी क्वचितच मिळते. त्यांनी साक्ष दिली नाही. त्यासाठी कोठडी भोगली, मारहाण सोसली. छळ असह्य होऊन जीव देण्याचाही प्रयत्न केला. ज्याला भीती वाटत नाही तोच स्वतंत्र, असे मानणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. वेदना त्यांच्या हाती नव्हती, निराशाही नव्हती. जिभेवरचा शब्द तेवढा हाती होता आणि तो त्यांनी खोटा होऊ दिला नाही.

यालाही पूर्वसंस्कारांचेच फळ म्हणता येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ ही पाचही कारणे मानली आहेत. एकट्या कोणत्याही कारणाचा आग्रह त्यांनी मिथ्या ठरविला. परंतु तोच घरचा संस्कार लाभलेले इतर विद्यार्थी त्या दिवशी स्नान करून आत गेले असते, याकडे आक्षेपकांचे लक्ष नसते.

नंतर किर्लोस्करांचे नांगर विकत भाऊराव गावोगाव फिरले आणि बहुजनांचे अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली तिचे केंद्र साताऱ्यास आले. तेथील बोर्डिंगमधील मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही राखले नाही. त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती. पतीच्या नावाचा गौरव होताना हा निर्णय त्यांचा होता, एवढी नोंद तरी व्हावी.

१९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते साताऱ्याच्या त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. ज्या कोल्हापूर संस्थानच्या कोठडीत भाऊरावांचा छळ झाला, त्याच संस्थानच्या अधिपतीचे नाव त्यांनी त्यासाठी निवडले होते: श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.