आर्क दिवा : दोन कांड्यांमधली फट

आर्क दिव्यात तापणारी तार नसते, निर्वात काचगोळाही लागत नाही. कार्बनच्या दोन कांड्यांची टोके टेकवून वीज सोडायची आणि लगेच ती जराशी दूर करायची; मधल्या फटीत विजेची कमान पेटते आणि तापून पांढरीशुभ्र झालेली टोके डोळे दिपवणारा उजेड देतात. हम्फ्री डेव्हीने १८१०च्या सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये २,००० घटांच्या बॅटरीवर ही कमान पेटवून दाखवली होती. पण कांड्या जळून आखूड होतात, फट रुंदावते आणि दिवा विझतो. पुढची कित्येक वर्षे संशोधकांची अक्कल ही फट राखण्यातच खर्ची पडली. कोणी घड्याळाची चक्रे लावली, कोणी विद्युतचुंबक.

पॅरिसमध्ये राहणाऱ्या पावेल याब्लोच्कोव्ह या रशियन अभियंत्याने १८७६मध्ये ही सारी यंत्रणाच काढून टाकली. त्याने कांड्या समोरासमोर न ठेवता शेजारीशेजारी उभ्या केल्या आणि मध्ये प्लास्टरसारख्या पदार्थाचा थर भरला. कांड्यांबरोबर हा थरही झिजे, त्यामुळे फट आपोआप तेवढीच राही. दोन्ही कांड्या सारख्या जळाव्यात म्हणून प्रवाह उलटसुलट वाहणारा घेतला. कल्पना इतकी साधी, की तिचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. मात्र ही ‘मेणबत्ती’ दोनेक तासांत संपे आणि एकदा विझली की पुन्हा पेटत नसे.

इकडे मुंबईतही विजेच्या दिव्यांची वाट सोपी नव्हती. शहराचे रस्ते १८६५पासून गॅसच्या दिव्यांनी उजळत. १८८२मध्ये ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावले. वर्षभरातच कंपनी बुडाली आणि मार्केटमध्ये पुन्हा गॅस आला.

आर्क दिवा खरा टिकला तो सिनेमामुळे. जत्रेतल्या तंबूत जनरेटरची वीज मिळे आणि प्रोजेक्टरच्या लॅम्पहाउसमध्ये कार्बन जळे. इथे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागे. त्याने धन कांडीच्या टोकाला खळगा पडतो आणि सर्वांत प्रखर उजेड त्या खळग्यातूनच निघतो. पण ही कांडी लवकर झिजते, म्हणून ती जाड घेत. ऑपरेटर काळ्या काचेतून ज्योत पाहत मूठ फिरवून कांड्या पुढे सरकवी. त्याचे लक्ष चुकले की पडदा अंधारे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झेनॉन दिवे आले. त्यांत सरकवायच्या कांड्याच नव्हत्या, आणि कार्बन हळूहळू प्रोजेक्टरमधून गेला.