मेरिट कुणाच्या बापाचं?

गेल्या पावसाळ्यात वेरूळला घरी गेलो तर पुतणी भिंतीला टेकून रडत बसलेली. नीटला मार्क कमी पडले होते. पात्र ठरली होती, पण सवलतीत. भावजय म्हणाली, "भाऊजी, तुमीच समजावा हिला. म्हनती, सवलतीनं डॉक्टर हून लोकायचं ऐकून घ्यायचं नाही मला."

मी स्वतः कमी मार्कांचा डॉक्टर आहे. पुतणीला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

मी १९८३ साली बारावी झालो. बाप रोजगार हमीवर खडी फोडायचा. घरात कंदील. वर्गातल्या सरासरीपेक्षाही माझे मार्क खाली. राखीव जागेवर मेडिकलला लागलो. प्रेतं चिरायच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "कोट्यातला का?" मी मान खाली घातली. शरीररचनेत एकदा नापास झालो. दुसऱ्यांदा पास झालो. पेपर सगळ्यांना एकच, परीक्षक एकच, पासाची रेघ एकच. सवलत दारापुरती होती. आतल्या परीक्षेत कुणी मला एक मार्क वाढवून दिला नाही.

माझ्याच वर्गात एका गुत्तेदाराचा पोरगा होता. त्याला माझ्यापेक्षा कमी मार्क. तो डोनेशन भरून खाजगी कॉलेजात गेला. त्याला आजवर कुणी विचारलं नाही, बाबा, तू कोणत्या दारानं आत गेलास?

मित्रहो, ही दोन दारं कशी झाली ते बघा.

मद्रास राज्यात मेडिकलच्या जागा जातवार वाटल्या जात. चौदा जागांत ब्राह्मणेतर हिंदूंना सहा, मागास हिंदूंना दोन, ब्राह्मणांना दोन, हरिजनांना दोन, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन मिळून एक, मुसलमानांना एक. चंपकम दोराईराजन ही ब्राह्मण बाई याविरुद्ध कोर्टात गेली. तिनं कॉलेजात अर्जसुद्धा केलेला नव्हता. १९५१ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला. वाटणी रद्द. तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ (४) आलं. आपलं दार ते. मेडिकलच्या जागेवरूनच ते घटनेत आलं, हे आपल्या पोरांना कुणी शिकवत नाही.

पण नुसतं दार उघडून भागत नाही. दारापर्यंत पोचायला पाय लागतात. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं ते त्यासाठी. खेड्यातल्या पोराला राहायला वसतिगृह, वाचायला पुस्तकं. त्याच शहरात १९५६ साली सरकारी मेडिकल कॉलेज निघालं. वेरूळपासून तीसेक किलोमीटर. आमच्या वस्तीला मात्र ते अंतर कापायला एक पिढी लागली.

१९८१ साली अहमदाबादच्या मेडिकल विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर राखीव जागांविरुद्ध आंदोलन उभं केलं. ते पेटलं आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या निवेदिता जैन खटल्यात सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रवेशाची किमान मार्कांची अट सैल करणं वैध ठरवलं.

आणि मग आपल्या महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजं आली. थैली आणा, जागा न्या. डोनेशन इतकं माजलं की १९८७ साली सरकारला बंदीचा कायदा करावा लागला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात कर्नाटकातला हिशोब चव्हाट्यावर आला: सरकारी जागेला वर्षाला दोन हजार, बाहेरच्या राज्यातल्यांना साठ हजार. आज नाव बदललं. संस्थेचा कोटा, अनिवासी भारतीयांचा कोटा. मार्क कमी असले तर पैसे जास्त. त्या दारावर मेरिटचा मोर्चा गेलेला मी पाहिला नाही.

पुतणीला म्हणालो, "कमी मार्कांची लाज दोन्ही दारांना सारखी वाटू दे. मग तू लाज."

मग कामाचं सांगितलं. नीटला खुल्या वर्गाला पन्नास पर्सेंटाइल, आपल्याला चाळीस. पण तेवढ्यानं फक्त पात्र ठरतेस. जागा रँकवर मिळते. राज्यात अनुसूचित जातीला तेरा टक्के जागा आहेत, त्यात आपल्याच पोरांशी स्पर्धा आहे. जात पडताळणीचा कागद आधीच हातात ठेव, त्यापायी जागा गेलेली पोरं मी पाहिलीत. पसंतीक्रमात लांबच्या जिल्ह्यातली सरकारी कॉलेजं गाळू नको. शिष्यवृत्तीचा फॉर्म वेळेत भर. नाहीच लागलं तर एक वर्ष अजून बस. मी बसवीन. आणि आत गेलीस की तुझ्या मागच्या वर्षी येणाऱ्या पोरीला तुझ्या नोट्स दे. वसतिगृहात जागा दे.

पुतणीनं डोळे पुसले. विचारलं, "काका, कुनी म्हनलं कोट्यातली, तर?"

म्हणालो, "म्हण, हो. आणि त्याला विचार, तुझा कोटा कितीला पडला?"