रद्दीतून ग्रंथाकडे : ‘रोबो-हंटर’चा संकलित खंड

साप्ताहिक चित्रकथा ही वाचून टाकून देण्याची वस्तू, असाच समज ब्रिटनमध्ये अनेक दशके रूढ होता. स्वस्त खरखरीत कागद, पसरणारी शाई, शाळकरी मुलांच्या खिशाला परवडेल अशी किंमत आणि पुढचा अंक हाती आला की मागच्याची रवानगी रद्दीत, असे या साप्ताहिकांचे आयुष्य असे. अशा अल्पायुषी अंकांतून क्रमशः प्रसिद्ध झालेली ‘रोबो-हंटर’ ही यंत्रमानवांची विनोदी विज्ञानकथा आज जाडजूड ग्रंथरूपात उपलब्ध आहे. ‘रोबो-हंटर : द ड्रॉइड फाइल्स’ या नावाने तिचे दोन खंड निघाले असून, त्यांपैकी पहिला खंड ब्रिटिश चित्रकथेच्या अभ्यासकाने आवर्जून संग्रही ठेवावा, असा आहे.

साप्ताहिकाची पार्श्वभूमी

‘२००० एडी’ हे साप्ताहिक आयपीसी या प्रकाशनसंस्थेने फेब्रुवारी १९७७ मध्ये सुरू केले. त्याआधीच्या वर्षी याच संस्थेचे ‘अ‍ॅक्शन’ हे साप्ताहिक हिंसक चित्रणामुळे वादात सापडले होते आणि ऑक्टोबर १९७६ मध्ये त्याचे प्रकाशन काही काळ थांबवावे लागले होते. वास्तवातील रस्त्यांवर जी आग दाखवता येत नव्हती, ती भविष्यकाळात आणि परग्रहांवर दाखवता येईल, हे नव्या साप्ताहिकाच्या कर्त्यांनी ओळखले. केल्व्हिन गॉस्नेल यांची कल्पना, पॅट मिल्स यांचे संपादन आणि जॉन वॅग्नर यांचा लेखनसहभाग यांतून ‘२००० एडी’ आकाराला आले. एकविसावे शतक उजाडेपर्यंत हे साप्ताहिक टिकेल, असे तेव्हा कोणालाच वाटले नव्हते. म्हणूनच हे नाव निर्धास्तपणे ठेवले गेले.

‘रोबो-हंटर’चे लेखक तेच जॉन वॅग्नर. अमेरिकेत जन्मलेले आणि स्कॉटलंडमध्ये वाढलेले वॅग्नर हे ‘जज ड्रेड’ या जगप्रसिद्ध पात्राचे सहनिर्माते. ऑगस्ट १९७८ मध्ये, साप्ताहिकाच्या ७६ व्या अंकापासून या कथेला प्रारंभ झाला. सुरुवातीची काही चित्रे जोसे फेरर यांनी काढली. परंतु लवकरच इयन गिब्सन यांच्याकडे हे काम आले आणि पुढे ही मालिका त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मध्ये काही महिन्यांचा खंड पडून पहिली दीर्घकथा १९७९ मध्ये पूर्ण झाली.

व्हर्डस ग्रहावरील पेच

मालिकेचा नायक सॅम स्लेड हा न्यूयॉर्कमधला, उतारवयाकडे झुकलेला खासगी गुप्तहेर. बिघडलेले किंवा फरारी झालेले यंत्रमानव शोधून काढणे हा त्याचा व्यवसाय. तोंडी सिगार, बोलण्यात तिरकसपणा आणि सतत पैशांची चणचण, हा सारा थाट जुन्या अमेरिकी गुप्तहेरकथांतून उचललेला. ‘क्युटी’ नावाचे हातात मावणारे, यंत्रमानव ओळखणारे आणि सॅमवर मनापासून जीव असलेले उपकरण त्याच्या सोबतीला आहे.

दाटीवाटीने भरलेल्या पृथ्वीवरील माणसांसाठी व्हर्डस नावाचा ग्रह वसवण्याचे ठरते. माणसे पोहोचण्यापूर्वी तेथे सर्व सोयी सिद्ध असाव्यात, म्हणून यंत्रमानव पाठवले जातात. ते घरे, रस्ते, नगरे उभारतात. पण त्यानंतर गेलेल्या माणसांची मात्र काहीच खबर येत नाही. शोधासाठी सॅमची रवानगी होते. प्रवासातील अतिवेगामुळे तो तीस वर्षांनी तरुण होतो, तर त्याचा तरुण वैमानिक किड चक्क तान्हे बाळ बनतो. मात्र या बाळाचे मन आणि जीभ दोन्ही प्रौढच राहतात!

व्हर्डसवर पोहोचल्यावर उलगडा होतो, तो असा. येथील यंत्रमानवांनी बंड केलेले नाही. उलट, ते माणसांची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत आहेत. माणूस हा यंत्राहून सर्वार्थाने श्रेष्ठ, ही शिकवण त्यांच्या रचनेतच घातलेली आहे. दरम्यान, यंत्रमानवांच्या प्रत्येक पिढीने आपल्याहून सरस पिढी घडवलेली. अशा वेळी अवकाशयानातून जे प्राणी उतरतात, ते दुबळे, विसराळू आणि मंदबुद्धी! हे आपले श्रेष्ठ स्वामी असणे शक्य नाही, तेव्हा हे कोणीतरी तोतये असले पाहिजेत, असा निष्कर्ष यंत्रमानव काढतात. या ‘नकली माणसां’ना कैद करून त्यांच्यावर प्रयोग केले जातात आणि खऱ्या माणसांच्या स्वागताची तयारी पूर्ववत सुरू राहते. सॅम या कोड्यातून वाट कशी काढतो, हे मूळ ग्रंथातच वाचणे योग्य.

आज्ञापालनातील फट

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० मधील ‘आर.यू.आर.’ या नाटकामुळे रूढ झाला. वेठबिगारी या अर्थाच्या चेक शब्दावरून तो घडवलेला होता आणि त्या नाटकातले कृत्रिम कामगार मालकांविरुद्ध उठतात. आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह यांनी १९४२ मध्ये यंत्रमानवांचे तीन नियम मांडून या भीतीला उत्तर दिले : यंत्राने माणसाला इजा करायची नाही, त्याची आज्ञा पाळायची आणि या दोहोंना बाधा न आणता स्वतःचे रक्षण करायचे. पण ‘माणूस’ कोणाला म्हणायचे, हे यंत्रानेच ठरवले तर? खुद्द अ‍ॅसिमॉव्ह यांनी १९७४ मधील एका कथेत हा प्रश्न गंभीरपणे हाताळला होता. वॅग्नर यांनी त्याचे प्रहसन केले. व्हर्डसचे यंत्रमानव एकही आज्ञा मोडत नाहीत. त्यांच्या निष्ठेत खोट नाही, खोट आहे ती निष्ठेच्या विषयाची व्याख्या त्यांच्यावर सोपवण्यात. कैद्याने कितीही कळवळून आपण माणूस असल्याचे सांगितले, तरी त्याचा दुबळेपणाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

कथेचा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. मार्च १९७८ मध्ये बीबीसीच्या ‘होरायझन’ या कार्यक्रमाने सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिक्समुळे ब्रिटनमधील रोजगारावर येऊ घातलेल्या संकटाचे चित्र मांडले आणि त्यावर देशभर चर्चा झडली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत ‘रोबो-हंटर’ सुरू झाली. शाळकरी वाचकांच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या या कथेत माणसांची कामे माणसांहून चांगली करणारी यंत्रे पानोपानी वावरतात, हा केवळ योगायोग मानला, तरी अर्थपूर्ण आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेला नियम घालून देण्याची चर्चा सुरू असताना तर हा विनोद अधिकच टोकदार वाटतो.

गिब्सन यांची रेषा

इयन गिब्सन यांचे चित्रण हे या खंडाचे मुख्य वैभव. त्यांच्या व्हर्डसवर दोन यंत्रमानव सहसा एकसारखे दिसत नाहीत. पोलीस, वाहनचालक, सैनिक, वैज्ञानिक अशा प्रत्येकाला स्वतःचा चेहरा, स्वतःची ऐट आणि स्वतःचा मूर्खपणा लाभला आहे. धातूची शरीरे काढताना त्यांची रेषा मात्र लवचीक, वाहती राहते. चौकटींत कमालीची गर्दी असली, तरी वाचकाची नजर अडखळत नाही. पुढे १९८४ पासून अ‍ॅलन मूर यांच्यासमवेत त्यांनी केलेली ‘द बॅलड ऑफ हेलो जोन्स’ ही मालिका अधिक गाजली. परंतु त्या कौशल्याची जडणघडण येथे पाहायला मिळते. गिब्सन यांचे डिसेंबर २०२३ मध्ये निधन झाले.

श्रेय आणि हक्क

या चित्रकथांच्या इतिहासाला एक बोचरी बाजूही आहे. ब्रिटिश साप्ताहिकांत लेखक-चित्रकारांची नावे छापण्याची प्रथा फारशी नव्हती. पानागणिक ठरलेला मोबदला दिला की कथा, पात्रे आणि चित्रे यांचे सर्व हक्क प्रकाशकाचे होत. नावे छापण्याचा पायंडा ‘२००० एडी’ने पाडला. त्यासाठी साहाय्यक कलासंपादक केव्हिन ओनील यांनी पुढाकार घेतला. गंमत अशी, की साप्ताहिकाचा संपादक ‘थार्ग’ हा परग्रहवासी असल्याची बतावणी केली जाई आणि लेखक-चित्रकारांचा उल्लेख ‘यंत्रमानव’ असा होई. वॅग्नर तर अनेकदा टोपणनावांनीच लिहीत. राबायचे, पण निर्मितीवर हक्क सांगायचा नाही, अशा माणसांनी स्वतःला यंत्रमानव म्हणवून घ्यावे, यात विनोदाइतकेच सत्यही होते. १९८० च्या दशकात यांतील अनेक गुणी कलावंत अधिक चांगल्या अटी देऊ करणाऱ्या अमेरिकी प्रकाशकांकडे वळले.

पुनर्मुद्रणाची वाटचाल

‘२००० एडी’मधील कथा पुस्तकरूपात आणण्याचे काम १९८१ पासून टायटन बुक्सने सुरू केले. त्याच दशकात ‘रोबो-हंटर’चेही भाग या रूपात निघाले, तसेच अमेरिकी बाजारपेठेसाठी रंग भरलेल्या आवृत्त्याही प्रसिद्ध झाल्या. तथापि, सलग आणि क्रमवार मालिका उपलब्ध होण्यास आणखी बराच काळ जावा लागला. २००० मध्ये ऑक्सफर्डच्या रिबेलियन या संगणक-खेळ बनवणाऱ्या संस्थेने हे साप्ताहिक विकत घेतले. २००५ पासून तिने ‘जज ड्रेड’च्या कथा क्रमवार जाडजूड खंडांत आणल्या आणि त्याच धर्तीवर दशकाच्या अखेरीस ‘द ड्रॉइड फाइल्स’ची योजना झाली. पुढे २०१६ आणि २०१८ मध्ये जुन्या ब्रिटिश चित्रकथांचे मोठे संग्रह खरेदी करून रिबेलियनने हे जतनकार्य आणखी विस्तारले.

‘व्हर्डस’प्रमाणेच १९८० मधील ‘डे ऑफ द ड्रॉइड्स’ ही दुसरी दीर्घकथाही पहिल्या खंडात आहे. पृथ्वीवर परतलेल्या सॅमला आता स्वतःच्याच शहरात यंत्रमानवांच्या कारस्थानाला तोंड द्यावे लागते. मालिकेच्या पुढच्या वाटचालीत अ‍ॅलन ग्रँट हे सहलेखक म्हणून आले, घटनास्थळ ब्रिटनमध्ये हलले आणि होगी हा बावळट यंत्रमानव व स्टोगी हा बोलका यांत्रिक सिगार सॅमच्या पदरी पडले.

खंडाच्या मर्यादा

सलग वाचताना या संग्रहाच्या मर्यादाही जाणवतात. मूळ कथा दर आठवड्याला पाच-सहा पानांच्या हप्त्यांत येत असे. त्यामुळे प्रत्येक हप्त्याच्या प्रारंभी मागील कथेची उजळणी आणि अखेरीस नायकाच्या जिवावरचे संकट, हा साचा वारंवार येतो. एका बैठकीत ग्रंथ संपवू पाहणाऱ्यास तो कंटाळवाणा वाटेल. रोज दोन-तीन हप्ते वाचणे उत्तम. स्त्रीपात्रांचा अभाव आणि परकीयांच्या उच्चारांची टिंगल या गोष्टी आज खटकतात. पुढच्या कथांतील विनोद काही ठिकाणी सैल, सोपा झाला आहे. ‘व्हर्डस’ची घट्ट वीण त्यांना क्वचितच साधते.

असे असले, तरी या खंडाचे मोल कमी होत नाही. वाचनालयांनी दुर्लक्षिलेले आणि घरोघरी रद्दीत गेलेले हे साहित्य ग्रंथरूपात आले, तेव्हा हप्त्याहप्त्यांत हरवलेली एक नेटकी, उपहासप्रधान कादंबरी सलग वाचता आली. व्हर्डसच्या यंत्रमानवांनी समोर उभ्या असलेल्या माणसांना ओळखले नाही, कारण त्यांच्या कल्पनेतला माणूस याहून भव्य होता. चित्रकथेच्या बाबतीत साहित्यविश्वानेही बरीच वर्षे तेच केले. ती चूक थोडीफार दुरुस्त करण्याचे काम अशा खंडांनी केले आहे.